कंपनी कागद मागणाऱ्या नोटिशीला दादच देत नाही, मग काय?

प्रश्न: आम्ही बॉस्टनजवळ राहतो. छतावर सोलर बसवताना कंपनीच्या माणसाने वीजबिल शून्य येईल असं सांगून टॅबलेटवर बोटाने सही घेतली, करार नंतर ईमेलने आला आणि त्यात भलतंच. ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) ऑफिसात तक्रार केली. कंपनीला कागद मागणारी नोटीस गेलीय असं कळलं पण कंपनी ढिम्म. या नोटिशीला काही अर्थ आहे का?

उत्तर: ताई, अर्थ आहे, फक्त तिची ताकद कोर्टातून येते. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्राहक फसवणुकीचा कायदा म्हणजे चॅप्टर ९३ए, त्याखाली केस टाकायच्या आधीच ॲटर्नी जनरलला कागद आणि जबाब मागता येतात, त्या नोटिशीला सीआयडी म्हणतात (पोलिसांची नव्हे, सिव्हिल इन्व्हेस्टिगेटिव्ह डिमांड). कंपनीला ती मान्य नसेल तर जास्तीत जास्त २१ दिवसांत तिनेच कोर्टात जाऊन रद्द करून मागायची, नुसतं गप्प बसणं हा मार्गच नाही. गप्प बसली तर ॲटर्नी जनरल सुपीरियर कोर्टातून हुकूम आणतात आणि तो मोडला की कोर्टाचा अवमान. कागद मुद्दाम लपवले, नष्ट केले तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, मोठ्या कंपनीला ही रक्कम काहीच नाही आणि मला हे खटकतं, खरा धाक अवमानाचाच.

वेळ मात्र लागतो हो. एक्झॉनमोबिल या तेल कंपनीला २०१६ मध्ये अशीच नोटीस गेली, हवामान बदलाबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली का या तपासात. कंपनी भांडत राहिली, राज्याच्या सर्वोच्च कोर्टात २०१८ मध्ये हरली, मग अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तिचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. नुसती नोटीस पाळायची की नाही यातच जवळपास तीन वर्षं गेली!

म्हणून कळकळीने सांगतो, तपासाच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नका. ॲटर्नी जनरल राज्याच्या वतीने लढतात, ते तुमचे वकील नाहीत. केस टाकायची तुमची मुदत साधारण चार वर्षांची आणि ती तपास चालू आहे म्हणून आपोआप थांबत नाही. ९३एच्या कलम ९ खाली कंपनीला स्वतः डिमांड लेटर पाठवा, काय फसवलं आणि किती नुकसान झालं ते स्पष्ट लिहून, ३० दिवस थांबा, मग केस टाकता येते आणि जाणूनबुजून फसवलं हे सिद्ध झालं तर भरपाई दुप्पट-तिप्पटही मिळते. कराराचा तो ईमेल कुठल्या तारखेला, किती वाजता आला ते दिसेल असा जपून ठेवा, सही आधी आणि करार नंतर हे त्यातूनच दिसणार आहे.