जॅझ कोणी सुरू केलं? लुई आर्मस्ट्राँगनेच ना?

नाही. आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ सालचा, आणि त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समधल्या नाचाच्या हॉलांमध्ये बडी बोल्डन नावाचा एक कॉर्नेटवाला लोकांना वेड लावत होता. (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचंच आखूड भावंड.) कुणा एकाचंच नाव घ्यायचं तर मी बोल्डनचं घेईन. पंचाईत अशी की त्याची एकही रेकॉर्ड आजवर सापडलेली नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांचं झालं तसंच. ज्यांनी ऐकलं त्यांच्या आठवणींवर भिस्त. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९३१ साली तो तिथेच गेला.

जेली रोल मॉर्टन हा पियानोवाला मात्र छातीठोकपणे सांगायचा, की १९०२ साली जॅझचा शोध मीच लावला. त्याचं जन्मसाल १८९० धरलं तर तेव्हा स्वारी जेमतेम बारा वर्षांची! बढाईखोर खरा, पण माणूस तयारीचा. १९१५ साली त्याची 'जेली रोल ब्लूज' छापूनही आली होती.

जॅझची म्हणून पहिली रेकॉर्ड निघाली १९१७ साली, न्यूयॉर्कमध्ये, आणि ती पाच गोऱ्या वादकांची. संगीत घडवलं काळ्या वादकांनी आणि तबकडीवर आधी चढले हे. मला याचा अजूनही राग येतो.

आता आर्मस्ट्राँग. त्याला १९२२ साली शिकागोला बोलावून घेतलं किंग ऑलिव्हरने, आपल्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला. गुरूच म्हणा ना. पुढच्या एप्रिलमध्ये हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी रेकॉर्डिंगला गेला. मी थोडाफार तबला शिकलोय, त्यामुळे कान आधी तालाकडे जातो. ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ड्रम कुठे गायब झालाय तेच कळेना, नुसती लाकडावरची टकटक. कारण नंतर समजलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या भोंग्यासमोर वाजवायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरणार. मोठा ड्रम दणकला की सुई उडायची, म्हणून बँडचा ड्रमवाला बेबी डॉड्स याच्या हाती लाकडी ठोकळे आले. आर्मस्ट्राँगचा आवाज तर इतका दांडगा, की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं. त्यात स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून. गाडी आली की काम थांबायचं.

त्यामुळे या रेकॉर्डी ऐकून 'जुनं जॅझ असंच किरटं होतं' असं ठरवू नका. किरटा होता तो भोंगा.

सुरुवात 'डिपरमाउथ ब्लूज'पासून करा. मधली तीन आवर्तनं ऑलिव्हर एकटा वाजवतो. कॉर्नेटच्या तोंडावर झाकण उघडमीट करत, एखादं पोर हट्टाने रडावं तसा. त्यानंतर आर्मस्ट्राँगचं १९२८ सालचं 'वेस्ट एंड ब्लूज'. तोवर मायक्रोफोन आला होता. सुरुवातीला साथीला कोणी नाही, नुसता त्याचा ट्रम्पेट. ते काही सेकंद ऐकल्यावर त्यालाच सगळं श्रेय द्यावंसं वाटलं तर तुमची चूक नाही, माझंही तसंच झालं होतं. रचना मात्र ऑलिव्हरची आहे. तोच ऑलिव्हर पुढे सॅव्हाना गावात 'पूल' (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायच्या एका हॉलमध्ये झाडलोट करायचा. १९३८ साली तिथेच वारला.