त्या येतात तेव्हा ते घरी नसतात

वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक आरोग्य

प्रश्न : माझे यजमान हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहेत, वय 47. मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे नेले, तर रक्तदाब 190 च्या वर निघाला. आमच्या वस्तीत आशाताई नेमाने येतात. माझा आणि सासूबाईंचा रक्तदाब दोनदा मोजून झाला, यजमानांचा एकदाही नाही, कारण त्या येतात तेव्हा ते घरी नसतात. काही देशांत पुरुषांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय धोरण आहे, असे वाचले. आपल्याकडे ते का नाही, आणि झाले तर आमच्यासारख्यांना त्याचा काय उपयोग?
— एक भगिनी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी एक विनंती. यजमानांना बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद होऊ देऊ नका.

"त्या येतात तेव्हा ते घरी नसतात" हे आपले वाक्य मला फार मोलाचे वाटले, कारण पुरुषांच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे बहुधा "पुरुष निष्काळजी असतात" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. आपली आरोग्ययंत्रणा माता आणि बालकांभोवती उभी राहिली, आणि जिथे बाळंतपणात बायका दगावत होत्या तिथे ते योग्यच होते. आशाताई, नर्सताई आणि अंगणवाडीताई यांच्या कामाची वेळ आणि जागा त्यातूनच ठरली : दिवसा आणि घरी. पुढे 30 वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचे काम याच यंत्रणेकडे आले. कागदावर त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. पण सकाळी सातला डबा घेऊन निघणारा आणि दिवेलागणीनंतर परतणारा माणूस त्या नोंदवहीत यावा कसा?

आयर्लंडने 2008 साली पुरुषांच्या आरोग्याचे राष्ट्रीय धोरण आखले. असे करणारा तो जगातला पहिला देश. ब्राझीलने 2009 मध्ये 20 ते 59 या वयोगटातील पुरुषांसाठी धोरण आणले, ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये. ब्राझीलची एक कल्पना मला विशेष पटते : गरोदर पत्नीसोबत दवाखान्यात आलेल्या पुरुषाचीही त्याच निमित्ताने तपासणी उरकून घ्यायची. आपल्या नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयाच्या आवारात सकाळी जाऊन पाहा. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन, बायकोचा नंबर लागण्याची वाट पाहत ताटकळणारे पंचविशी-तिशीतले कितीतरी तरुण तिथे दिसतात. स्वतःसाठी सरकारी दवाखान्याची पायरी ते पुढची वीस वर्षे चढतील की नाही, कोण जाणे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात.

आपल्याकडे 2017 चे राष्ट्रीय आरोग्य धोरण आहे, पुरुषांसाठी वेगळे नाही. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्र दिशा दाखवते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून निधी देते. प्रत्यक्ष काम राज्याचे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 18 वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची मोहीम हाती घेतली, तिचे मी मनापासून स्वागत केले होते. मात्र मोहीम आटोपल्यावर, तिच्यात सापडलेल्या रुग्णाला पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार आणि तो आला नाही तर त्याच्या मागे कोण लागणार, हे ठरवायला धोरण लागते. तसे धोरण झाले तर पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकापाशीच तपासणी व्हावी, आणि आठवड्यातून दोन दिवस आरोग्य मंदिर, म्हणजे वस्तीजवळचा सरकारी दवाखाना, रात्री नऊपर्यंत उघडे राहावे, एवढे तरी त्यात असायला हवे. कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या 2020 च्या संहितेत ठरावीक कर्मचाऱ्यांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. यजमानांच्या कारखान्यात ती केव्हा होते, हे त्यांनी अवश्य विचारावे.

प्रश्न : पुरुष खर्रा खातात, दारू पितात आणि सांगून ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारने वेगळा खर्च का करावा? शिवाय तो पैसा महिलांच्या योजनांतूनच जाईल, अशी भीती वाटते.
— एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सर, भीती रास्त आहे. महिलांच्या योजनेतला एक रुपयाही इकडे वळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्ऱ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातील 15 वर्षांवरील 38 टक्के पुरुष तंबाखूचे सेवन करतात असे दिसले, स्त्रियांत हे प्रमाण सुमारे 9 टक्के आहे. आपल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पानठेलेवाला खर्रा घोटत असतो, आणि शेजारी दप्तर लावलेला पोरगा उभा असतो. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत ती विकायला बंदी आहे. त्या पोराला लागलेल्या सवयीचा सगळा दोष पुढे चाळिशीत त्याच्याच माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा तोंडातला पांढरा चट्टा वेळेवर दिसला तर पुष्कळ काही करता येते; तोंड उघडेनासे झाल्यावर माणूस दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा त्याची बायको रोजी बुडवून त्याच्या उशाशी बसलेली असते. त्याच सर्वेक्षणात कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचे अवघे 0.3 टक्के आहे. पुरुष आरोग्ययंत्रणेच्या बाहेर राहतो, त्याचा भार असा बाईच्या अंगावर येतो.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते, आणि एकूण आकड्यात चौथाईहून अधिक रोजंदारीवर जगणारे. त्याच वर्षी केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, ज्यात 2030 पर्यंत हे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मिळणारी मोफत सेवाही तेव्हाच सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. सकाळी आठला मजुरांच्या ठिय्यावर, हातात थापी आणि डबा घेऊन कामाची वाट पाहणाऱ्या माणसांच्या मागच्या भिंतीवर, हा क्रमांक लिहिलेला मला अजून दिसलेला नाही. तिथे तो रंगवायला एक सकाळ आणि रंगाचा एक डबा पुरेल.