कोल्हापूर ते तिरुपती : ४९ मिनिटे की पावणेदोन तास?

प्रश्न : सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना विमानाने कोल्हापूरहून तिरुपतीला न्यायचे आहे. एका संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांमधले अंतर ६५५ किलोमीटर आणि वेळ ४९ मिनिटे दिली आहे, तिकिटावर मात्र वेळ जवळजवळ पावणेदोन तास दिसते. यातले खरे काय धरावे आणि त्याच दिवशीचे दर्शन घेता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अंतर बरोबर आहे. उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते रेणिगुंटा (तिरुपतीचा विमानतळ) ही सरळ रेषा सुमारे ६५५ किलोमीटर, म्हणजे ३५४ सागरी मैलांची असून ती हंपीच्या अगदी जवळून जाते. चुकतो तो वेळेचा हिशोब, कारण त्या संकेतस्थळाने ताशी ८०० किलोमीटर वेग धरून सरळ भागाकार केला आहे, आणि तो वेग जेट विमानाचा आहे. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा पंख्याचे एटीआर विमान असते, ज्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने हेच अंतर कापायला ७९ मिनिटे लागतात.

शिवाय तिकिटावरची वेळ ही केवळ हवेतली नसते; विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ तिच्यात धरलेला असतो. उजळाईवाडीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, आणि विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उड्डाण घेत असल्याने पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी ते आधी पश्चिमेला झेपावते आणि मग वळसा घालून आग्नेयेची वाट धरते. पावसाळ्यात हाच पश्चिमेचा वारा एटीआरच्या उंचीवरही जाणवतो. तो ताशी ५० किलोमीटरने पाठीशी असला तर ७९ मिनिटांची ७१ होतात, परतताना तोच समोरून आला तर ८७. म्हणून तिकिटावरचीच वेळ खरी धरावी. जेट मिळाले तर ती कमी दिसेल, तेव्हा तिकीट काढताना विमानाचा प्रकार अवश्य पाहावा. (एटीआरमध्ये मागच्या दाराने, मोजक्या पायऱ्या चढून शिरायचे असते. आईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची आणि चढण्या-उतरण्यासाठी मदतीची मागणी तिकिटासोबतच नोंदवावी.)

त्याच दिवशीच्या दर्शनाबद्दल मात्र आमचे मत स्पष्ट आहे : घेऊ नये. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते, त्यामुळे घरून दोन-अडीच तास आधी निघावेच लागते. रेणिगुंट्याला सामान हातात आल्यावर तिरुपती शहर गाठायचे, तिथे डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीच्या तपासणी नाक्यावर गाडीतून उतरून सगळ्या पिशव्या तपासणीच्या पट्ट्यावर ठेवायच्या आणि मग तिरुमलेचा, म्हणजे मंदिराच्या डोंगराचा, घाट चढायचा, याला रांग नसली तरी दीड तास धरावा. ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाला वेळ ठरवून दिलेली असते, आणि विमानाला तासभर उशीर झाला तरी ती हुकण्याची धास्ती वयस्कर माणसांना वाटेभर सोसावी लागते. रेल्वेने रात्रभर आणि वर आणखी काही तास जातात, ते वाचवण्यासाठीच आपण विमान निवडले आहे. त्यातली एक रात्र तिरुमलेवर मुक्कामाला द्यावी, दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळचे घ्यावे आणि परतीचे विमान त्याच्याही पुढच्या दिवसाचे ठेवावे.