सर, शॉकपचं नंतर बघू. आधी पॉलिसी परत करा

सोलापूरच्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलंय. वय 48, हातात येणारा पगार 72 हजार, मुलगी अकरावीत. शाळा दक्षिण सोलापूर तालुक्यात. रोज जाऊन-येऊन 56 किलोमीटर, गाडीत आणखी दोन सहकारी. गाडी 2015 सालची छोटी पेट्रोल, 92 हजार किलोमीटर पळालेली. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर तिचं सस्पेन्शन गेलं. पुढचा डावा शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) तेलाने माखलाय, चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट हलतोय, पुढचे टायर आतून झिजलेत. मेकॅनिकने 34 हजार लिहून दिलेत: 26 सस्पेन्शनचे, 8 टायरचे. जुन्या गाड्यांचा एजंट आहे तशी गाडी 2 लाख 10 हजारांना मागतो, दुरुस्त करून आणली तर 2 लाख 30 हजार म्हणतो. सर विचारतात, दुरुस्त करून विकू की तशीच विकू?

सर, याचं उत्तर दोन ओळींत संपतं. 34 हजार घालून 20 हजार येतात, म्हणजे खिशातून 14 हजार जातात. विकायचीच असेल तर तशीच विका. एजंट तेच काम त्याच्या ओळखीच्या गॅरेजात तुमच्यापेक्षा कितीतरी कमी पैशात करून घेणार आहे.

पण तुम्ही पत्राला ता.क. जोडलाय, आणि खरं पत्र तेच आहे. "नव्या गाडीच्या कर्जाबरोबर बँकेतल्या साहेबांनी एक पॉलिसी दिली. वर्षाला 1 लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 20 लाख. म्हणजे कर्जाची काळजी नाही. पहिला हप्ता मेहुण्याकडून घेऊन भरला, गाडी विकली की त्यांना देईन."

हे वाचून मी शॉकप बाजूला ठेवला आणि त्याच रात्री तुम्हाला ईमेल केला, कारण इथे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पॉलिसीचे कागद तुम्हाला 6 तारखेला ईमेलवर मिळाले. ते मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, आणि 2024 पासून ही मुदत 15 ची 30 दिवस झाली आहे. मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्याची किंमत कापून बाकी पैसे परत येतात. अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा, बँकेतल्या साहेबांकडे नाही. ते "बघतो सर" म्हणतील आणि बघता बघता 30 दिवस संपतील. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. पुढे पुण्याला विमा लोकपाल आहेतच.

आता "दहाचे वीस" बघू. कानाला गोड लागतं, पण पैसे वीस वर्षं अडकतात. हिशेब मांडला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास बसतो. हेच लाख रुपये दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि पुढची दहा वर्षं खातं जेमतेम चालू ठेवलं, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी 29 लाखांच्या पुढे जातात. फरक नऊ-साडेनऊ लाखांचा. म्हणजे तुम्ही नव्या गाडीसाठी जेवढं कर्ज काढताय, जवळजवळ तेवढाच! आणि कर्ज 9 लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं. बँकेला साडेनऊ द्यायचे, तिच्याच माणसाकडून साडेचार घ्यायचे, वर "काळजी नाही". कर्ज तुमच्या पंचावन्नाव्या वर्षी फिटणार, पॉलिसी अडुसष्टाव्या वर्षी पिकणार. मधल्या तेरा वर्षांत तिने कुठलं कर्ज फेडायचं, हे साहेबांना विचारा.

"पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर मंजूर होतं" असंही त्यांनी सांगितलं म्हणे. सर, नव्या पेठेत चादर घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, वीस वर्षांनी मिळणारी उशीही घ्या, नाहीतर चादर देत नाही, तर तुम्ही घ्याल? गाडीच्या कर्जाला गाडीचा विमा लागतो, आयुर्विम्याची सक्ती नाही. पुन्हा तसं म्हणाले तर "लेखी द्या" एवढंच सांगा. कुटुंबासाठी विमा हवाच, पण तो टर्म, म्हणजे बचत न जोडलेला, नुसतं मृत्यूचं कव्हर देणारा. या पॉलिसीत कव्हर फक्त 10 लाखांचं आहे. तुमच्या घराचा खर्च त्यावर दोन वर्षंही नीट चालणार नाही.

दुसरा घोळ तुमच्या लक्षातच आलेला नाही. पत्राच्या मध्यावर लिहिलंय, नव्या गाडीचं डाउन पेमेंट 3 लाख: एफडी मोडून 1, जुन्या गाडीचे 2. ता.क. मध्ये जुन्या गाडीच्या पैशातूनच मेहुण्यांचा 1 लाख. एकच गाडी दोनदा विकलीत. आणि तुमच्या डोक्यात तिची किंमत 2 लाख 80 हजार आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मित्राची तेवढ्याला गेली. तेव्हा नव्या छोट्या गाडीवर 28 टक्के जीएसटी होता, वर उपकर. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला. नवी स्वस्त झाल्यावर जुनीला कोण जुना भाव देणार?

महिन्याचं गणित तर मांडलेलंच नाही. कर्जाचा हप्ता 14,700, पॉलिसीचे महिन्याला 8,300. मिळून 23 हजार, पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल. तुम्ही नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीत लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. आणि हप्ता बसावा म्हणून म्युच्युअल फंडातली 3 हजारांची एसआयपी बंद करायचं चाललंय. ती तर बंद करूच नका.

म्हणून तुम्ही न विचारलेलं सांगतो: गाडी विकू नका. इंजिन ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. नोंदणी 2030 पर्यंत आहे. 34 हजार म्हणजे नव्या गाडीचे अडीच हप्तेसुद्धा नाहीत. तेवढ्यात ही गाडी अजून तीन-चार वर्षं दक्षिण सोलापूरचे खड्डे खाईल. बुकिंगचे 21 हजार दिलेत, ते रद्द करताना थोडे कापले तरी हरकत नाही. पॉलिसीचे पैसे आले की थेट मेहुण्यांना द्या, मध्ये कुठेही थांबवू नका. आणि हप्ता भरतोच आहोत असं समजून महिन्याला 12 हजारांची आरडी (आवर्ती ठेव) लावा. चार वर्षांत साडेसहा लाखांच्या आसपास होतील. मग शोरूममध्ये जा, त्यात एफडीचे आणि जुन्या गाडीचे जे येतील ते घाला आणि उरलेल्याचंच कर्ज काढा.

घरचे ऐकणारच नसतील, तर विकताना तीन गोष्टी बघा. एक, नवी गाडी यायला सहा आठवडे आहेत आणि तोवर रोज 56 किलोमीटर याच गाडीतून जायचंय. बॉल जॉइंट सुटला तर चाक वाकडं होतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. तेव्हा लोअर आर्म आजच बदला, बाकी राहू द्या. हा खर्च तुमच्यासाठी आणि सोबतच्या दोघांसाठी आहे, गिऱ्हाइकासाठी नाही. दोन, शाळेतलेच कुणी घेणार असेल तर मेकॅनिकचा कागद त्यांच्या हातात द्या आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. उद्या स्टाफरूममध्ये समोरासमोर बसायचंय. तीन, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून एजंटकडे सोडून येऊ नका, आरसीवरचं नाव बदललेलं डोळ्यांनी बघा. गाडी कितीही हातांतून पुढे गेली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षं चालतं.

दुरुस्ती करणार असाल तर दुसऱ्या गॅरेजातूनही एकदा भाव काढा. पुढचे दोन्ही शॉकप एकदमच बदला. एकच नवा टाकला तर खड्ड्यात गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या उसळत नाहीत. मग टायर, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट न करता गाडी पळवलीत तर नवे टायरही आतून खाल्ले जातील. आणि जुने शॉकप डिकीत ठेवायला सांगा. मेकॅनिक म्हणेल, "भंगार आहे सर, काय करणार?" तरी घ्या. बिल देण्याआधी मोजा, किती निघाले आणि बिलात किती लावलेत.