दुकानाच्या पाटीसाठी बोरूच्या वळणाचा जाड मराठी फॉन्ट हवाय. 'यात्रा वन' चालेल का? त्यातली इंग्रजी अक्षरं विचित्र का दिसतात?

चालेल, पण फक्त दुकानाच्या नावासाठी. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या फॉन्टमध्ये ठेवा. लहान आकारात ष, ळ, क्ष, द्ध यांच्या पोटातली जागा बुजते.

यात्रा वनची देवनागरी मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेली आहे. आरेखन कॅथरीन ली श्मिट यांचं, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे पाटीवर वापरायला पैसे पडत नाहीत. इंग्रजी अक्षरांचं म्हणाल, तर तो दोष नाही. देवनागरीच्या बोरूच्या टोकाचा तिरका काप रोमन लेखणीच्या उलट असतो. रोमन 'ए'चा उजवा पाय जाड असतो. तोच देवनागरी कापाने लिहिला तर डावा जाड होतो. यात्रामधली रोमन अक्षरं मुद्दाम याच कोनात काढली आहेत, म्हणून दोन लिप्यांच्या पाटीवर ती मराठीशेजारी उपरी वाटत नाहीत. मला तरी हीच त्याची खरी कमाई वाटते.

आता बिघडतं कुठे ते. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे अक्षराची एकच जाडी आहे. 'बोल्ड'चं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर कडा फुगवतं आणि अक्षरं चिखलासारखी दिसतात. वेबसाइटवर तर शीर्षक आपोआप बोल्ड होतं, तिथे वजन ४०० (म्हणजे साधं) लिहून टाका. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेखा तुटते.

फ्लेक्सवाल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे अक्षरांना थेट आउटलाइन, म्हणजे कडेची रेघ देणं. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. कोरलड्रॉमध्ये आधी कर्व्ह (अक्षरांच्या आकृत्या करणं), मग वेल्ड (त्या आकृत्या एकत्र जोडणं), आणि त्यानंतरच आउटलाइन. इलस्ट्रेटरमध्ये वेल्डच्या जागी पाथफाइंडरचं युनाइट. कर्व्ह झाल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन त्याआधीच तपासा. ॲक्रिलिकची अक्षरं कापणार असाल तर अख्खा शब्द शिरोरेखेमुळे एकसंध निघतो, अनुस्वार मात्र सुटा. त्याला वेगळी पिन लागते, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात 'गंगा'ची 'गगा'.

फॉन्ट पक्का करण्याआधी 'कोऱ्या, आचार्य, ॲड, शृंगार, लक्ष्मी, चिठ्ठी' एवढं टाइप करून बघा. 'कोऱ्या'त रफार आला, तर बहुतेक वेळा ऱ ऐवजी साधा र टाइप झालेला असतो. इलस्ट्रेटरमध्ये किंवा जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटली तर फॉन्टला दोष देण्याआधी परिच्छेदाच्या पर्यायांत भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडलाय का ते पाहा.

'रोझा वन'ही लोक सुचवतील. देखणा आहे, पण त्याच्या बारीक रेघा केसासारख्या आहेत. गडद रंगावर पांढरा छापला की लांबून त्या दिसेनाशा होतात. पत्रिकेला घ्या, रस्त्यावरच्या पाटीला नको.