कॅमेरे आणि संगणक एकाच नेटवर्कवर

प्रश्न : आमच्या कार्यालयात संगणकांच्या नेटवर्कवरच १६ आयपी कॅमेरे जोडले आहेत. तेव्हापासून सर्व्हरवरच्या फायली उघडायला वेळ लागतो आणि कॅमेऱ्यांचे चित्रही मधूनच अडखळते. कॅमेरे बसवणारे म्हणतात, इंटरनेटचा वेग वाढवा. तसे करावे, की वेगळी केबल ओढावी? वरिष्ठांना चित्र मोबाइलवरही हवे आहे.

उत्तर : इंटरनेटचा वेग वाढवून काहीही साधणार नाही, कारण कॅमेऱ्याचे चित्र ते साठवणाऱ्या रेकॉर्डरपर्यंत जाते ते तुमच्याच इमारतीतल्या केबलमधून आणि स्विचमधून (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीतून), इंटरनेटचा तिथे संबंधच येत नाही. फुल एचडी कॅमेरा एच.२६४ या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीने सेकंदाला साधारण ४ मेगाबिट पाठवतो असे धरले, तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट होतात, आणि हा ओघ रात्रंदिवस थांबत नाही. दोन स्विचना जोडणारी केबल १०० मेगाबिटने चालत असेल आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या फायलीही तिच्यावरूनच जात असतील, तर तुम्ही लिहिता तसेच होणार.

दोन्ही स्विच गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे आहेत, एवढ्यावर मात्र विसंबू नये. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. त्यामुळे कनेक्टर बसवताना उरलेल्या चारपैकी एखादी तार नीट दाबली गेली नाही, तर जोडणी बऱ्याचदा कोणतीही तक्रार न करता १०० वर उतरते आणि सगळे चालू असल्यासारखे दिसते. बऱ्याच स्विचवर पोर्टजवळच्या दिव्याचा रंग वेगानुसार बदलतो, तो आधी पाहावा.

त्यानंतर रेकॉर्डरची जागा बदलावी. कॅमेरे ज्या स्विचवर आहेत त्याच स्विचवर रेकॉर्डर जोडला, की तो सगळा ओघ तिथेच जिरतो आणि मुख्य स्विचकडे फक्त कोणी पाहत असेल तेवढेच चित्र जाते. पाहण्यासाठी सबस्ट्रीम, म्हणजे कमी आकाराचे दुसरे चित्र, वापरावे. कॅमेरे चित्र आणखी लहान करणारी एच.२६५ पद्धत वापरू शकत असतील तर भार बराच उतरतो.

नवी केबल ओढण्याआधी व्हीलॅनचा, म्हणजे त्याच केबल आणि स्विचवर आभासी वेगळी नेटवर्क करण्याचा, विचार करावा. मात्र त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा, स्विच लागतो. व्हीलॅनमुळे नेटवर्कचा वेग वाढतो हा समज चुकीचा आहे, कारण केबल तीच राहते. त्याचा खरा उपयोग कॅमेरे आणि संगणक यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी आहे. २०१६ मधल्या मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत इतरांवर हल्ले केले होते. म्हणून पासवर्ड बदलावेतच, शिवाय कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून इंटरनेटकडे आणि संगणकांकडे जाणारी वाट बंद ठेवून केवळ रेकॉर्डरशी बोलण्याची मुभा द्यावी. मॅनेज्ड स्विच नसेल आणि रेकॉर्डरला दोन नेटवर्क पोर्ट असतील, तर एका पोर्टवर कॅमेऱ्यांचा स्वतंत्र स्विच आणि दुसऱ्यावर कार्यालयाचे नेटवर्क, ही जोडणीही उत्तम.

मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडून देण्याची सवय अनेक तंत्रज्ञांना असते. आपल्याकडे तसे केले असल्यास ते पोर्ट आणि राउटरमधले यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून असे पोर्ट उघडू देणारी सोय) दोन्ही बंद करावे, आणि वरिष्ठांच्या मोबाइलवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयात येणारा सुरक्षित खासगी मार्ग, बसवून त्यातूनच रेकॉर्डर पाहण्याची सोय करावी.