‘संयुक्त चक्र’ की ‘जोडचक्र’?

प्रश्न असा आहे: वीजकेंद्रांच्या संदर्भात येणाऱ्या ‘कम्बाइन्ड सायकल’ला मराठीत ‘संयुक्त चक्र’ म्हणावं की ‘एकत्रित चक्र’?

‘संयुक्त’ चालेल, चूक नाही. पण संयुक्त खातं म्हटलं की दोघे बरोबरीचे आणि एकाच वेळचे वाटतात. इथे तसं नसतं. आधी गॅस टर्बाइन फिरतं. त्यातून बाहेर पडणारा झोत पाच-सहाशे अंश सेल्सिअस तापलेला असतो. तो धुराड्यातून सोडून देण्याऐवजी त्यावर वाफ करायची आणि तिच्यावर दुसरं टर्बाइन फिरवायचं. एकाचं उरलेलं ते दुसऱ्याचं खाद्य.

या नात्याला मराठीत आयता शब्द आहे: जोड. ज्वारी काढली, कडबा म्हशीपुढे टाकला, दुधाचे पैसे वेगळे. हा झाला जोडधंदा. उरणच्या वीजकेंद्राची रचना अशीच आहे. १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन्स आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच. ४३२ ला २४० ची जोड, तीही तेवढ्याच गॅसमध्ये! म्हणून माझं मत ‘जोडचक्रा’ला. कानाला नवखा वाटेल, पण जोडाक्षर, जोडशब्द यांच्या पंगतीत सहज बसतो.

मूळ केंद्र वाफेचं असलं तरी हा शब्द अडत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या बेल आइल केंद्रात १९४९ साली वाफेच्या मोठ्या संचाशेजारी अवघ्या साडेतीन मेगावॉटचं गॅस टर्बाइन बसवलं आणि त्याच्या झोतावर बॉयलरला जाणारं पाणी तापवलं. तिथे वाफ ही मुख्य शेती आणि गॅस टर्बाइन जोडधंदा, उरणला उलट. नुसत्या वाफेच्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्क्यांचीच वीज होते. आजच्या उत्तम जोडचक्रात हा आकडा साठीच्या पुढे जातो.

जाता जाता, ‘गॅस टर्बाइन’चं ‘वायू टर्बाइन’ मात्र करू नका. वाचणाऱ्याला पवनचक्की आठवते. ‘गॅसवर चालणारं टर्बाइन’ हा अर्थही नेमका नाही. पाती फिरवतात ते ज्वलनातून निघालेले तप्त वायू. डिझेल जाळलं तरी ते गॅस टर्बाइनच.